धोका सांगणारे आणि धोका सोसणारे

आरोग्य, विज्ञान आणि पर्यावरण यांच्याशी निगडित असलेले धोके जनतेला कसे समजावून सांगावेत, हा गेल्या अर्धशतकात एक स्वतंत्र अभ्यासविषय बनला आहे. पाश्चात्त्य विद्यापीठांत त्याचे विभाग निघाले, त्याला वाहिलेली नियतकालिके सुरू झाली आणि त्यातील संशोधनाला मानाची पारितोषिकेही मिळू लागली. चळवळीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांचे या विषयाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. हा जाहिरातशास्त्राचाच एखादा सभ्य प्रकार असावा, असा आपला ग्रह आहे. आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. या विषयाच्या नावाखाली होणारे बरेचसे लिखाण 'लोकांची भीती कशी घालवावी' या एकाच प्रश्नाभोवती फिरत असते. परंतु याच क्षेत्रात असेही काही संशोधन झाले आहे, की ज्याने हा प्रश्न उलटा करून विचारला. भीती घालवण्याची गोष्ट नंतर. धोका काय आहे आणि किती आहे, हे ठरवण्याचा अधिकार मुळात कोणाचा? हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो आपला प्रश्न आहे.

विज्ञानाचा सामाजिक अंगाने अभ्यास करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था १९८१ पासून जे. डी. बर्नाल यांच्या नावाने एक पारितोषिक देत आली आहे. बर्नाल (१९०१–१९७१) हे स्फटिकशास्त्रातील अग्रगण्य शास्त्रज्ञ आणि निष्ठावंत मार्क्सवादी होते. सोव्हिएत राजवटीवरील त्यांची अंधश्रद्धा लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांना कधीच पटण्यासारखी नव्हती. परंतु विज्ञान कोणासाठी आणि कोणाच्या नियंत्रणाखाली चालते, हा प्रश्न १९३९ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ज्या धिटाईने मांडला, त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. २०१० साली हे पारितोषिक इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाचे ब्रायन विन यांना मिळाले. विन यांच्या एकूण कार्यातील सर्वांत गाजलेला भाग म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रिया या डोंगराळ परगण्यातील मेंढपाळ शेतकऱ्यांचा त्यांनी केलेला अभ्यास. तो निबंधरूपाने १९९२ साली प्रसिद्ध झाला. मेंढपाळांची ही हकिगत आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावी अशी आहे.

तीन आठवड्यांची बंदी

२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत युनियनमधील चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. जवळच्या प्रिप्यात शहरातील लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलवण्यात आले नाही. स्वीडनमधील एका अणुवीजकेंद्रात किरणोत्सर्गाची नोंद झाली, तेव्हा कोठे २८ एप्रिलला मॉस्कोने अपघाताची त्रोटक कबुली दिली. आणि १ मे रोजी कीव्हमध्ये कामगारदिनाचे संचलन ठरल्याप्रमाणे पार पडले. श्रमिकांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने श्रमिकांच्याच मुलाबाळांपासून हा धोका लपवून ठेवला, ही गोष्ट समाजवाद्यांनी कधीही नजरेआड करू नये. गुप्ततेची मक्तेदारी केवळ भांडवलशाहीकडे नाही.

परंतु जेथे संसद आहे, स्वतंत्र वृत्तपत्रे आहेत, त्या ब्रिटनमध्ये तरी काय घडले? किरणोत्सर्गी ढग २ मे रोजी ब्रिटनवर आला आणि त्याच सुमारास कंब्रिया, उत्तर वेल्स व स्कॉटलंडच्या डोंगरांवर मुसळधार पाऊस झाला. पावसाबरोबर सीझियम हे किरणोत्सर्गी द्रव्य कुरणांवर उतरले. मेच्या पहिल्याच आठवड्यात पर्यावरणमंत्र्यांनी संसदेत ग्वाही दिली, की ढगाच्या परिणामांचा अंदाज घेण्यात आला असून जनतेच्या आरोग्याला त्यापासून धोका नाही. पुढे मेंढ्यांच्या मांसात सीझियमचे प्रमाण वाढलेले आढळू लागले, तरीही काळजीचे कारण नाही असेच सांगण्यात येत राहिले. आणि २० जून रोजी अचानक कंब्रिया व उत्तर वेल्समधील मेंढ्यांच्या विक्रीवर व कत्तलीवर बंदी घालण्यात आली. ही बंदी केवळ तीन आठवड्यांची आहे, असे आश्वासन दिले गेले. तीन आठवडे उलटले, किरणोत्सर्ग अपेक्षेप्रमाणे उतरला नाही आणि जुलैच्या अखेरीस बंदी बेमुदत झाली.

संपूर्ण ब्रिटनमध्ये मिळून जवळजवळ दहा हजार शेतवाड्या आणि चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या या निर्बंधांखाली आल्या. पुढे बहुतेक ठिकाणचे निर्बंध उठले. परंतु डोंगरावरील काही शेतवाड्यांवरचे शेवटचे निर्बंध उठायला १ जून २०१२ उजाडावा लागला. तीन आठवड्यांचे सव्वीस वर्षे झाले.

माती आणि मेंढरू

शास्त्रज्ञांचा अंदाज इतका का चुकला? सीझियम जमिनीत मुरले की तेथेच बांधले जाते, गवताच्या मुळांना ते पुन्हा मिळत नाही, असे त्यांनी गृहीत धरले होते. हे गृहीत खोटे नव्हते; पण ते सपाटीवरील चिकणमातीच्या निरीक्षणांवर आधारलेले होते. चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात. कंब्रियाच्या डोंगरमाथ्यावरची माती अगदी वेगळी. ती कुजलेल्या वनस्पतींची, काळी, आम्लधर्मी. अशा मातीत सीझियम बांधले जात नाही. ते मुळांवाटे गवतात जाते, गवतातून मेंढरात जाते, लेंडीवाटे पुन्हा मातीत येते आणि हे चक्र वर्षानुवर्षे फिरत राहते. डोंगराळ मातीचा हा गुण दर्शवणारी निरीक्षणे विज्ञानाच्या दप्तरी पूर्वीच जमा होती. परंतु राजधानीत बसून अंदाज वर्तवणाऱ्यांना त्यांची आठवण झाली नाही. वैज्ञानिक ज्ञान एका जागी खरे ठरले म्हणून दुसऱ्या जागी आपोआप खरे ठरत नाही. ते ज्या जमिनीवर लागू करायचे ती जमीन आधी पाहावी लागते, आणि ती जमीन ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली असते त्यांना विचारावे लागते.

विचारणे तर दूरच राहिले. उलट सल्ले सुरू झाले. मेंढ्या डोंगरावरून खाली खोऱ्यातल्या कुरणात आणा, म्हणजे त्यांच्या शरीरातील सीझियम कमी होईल, असे सांगण्यात आले. शास्त्र म्हणून ते बरोबर होते. पण खोऱ्यातले ते थोडके गवत म्हणजे हिवाळ्याच्या वैरणीची बेगमी असते; ते उन्हाळ्यातच चारून टाकले, तर हिवाळ्यात जनावरांना काय घालायचे, हा प्रश्न सल्ला देणाऱ्यांच्या मनाला शिवला नाही. कोणी सुचवले, मेंढ्यांना पेंढा घाला. पेंढ्याला मेंढरू तोंड लावीत नाही, हे त्या डोंगरातले शेंबडे पोरही सांगू शकले असते. बेंटोनाइट नावाची माती कुरणावर टाकली तर ती सीझियम शोषून घेईल काय, हे पाहण्यासाठी कुंपण घातलेल्या तुकड्यांत मेंढ्या कोंडून प्रयोग मांडण्यात आला. मोकळ्या डोंगरावर चरणारी मेंढरे अशी कोंडली तर ती खंगतील आणि प्रयोगातून काहीच निष्पन्न होणार नाही, असे शेतकऱ्यांनी आधीच बजावले होते. पुढे तो प्रयोग गुंडाळावा लागला. मात्र शेतकऱ्यांचे म्हणणे बरोबर होते, असे त्यांना कोणी येऊन सांगितले नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट मोजमापाची. अधिकारी उपकरण घेऊन वाडीवर येत आणि जिवंत मेंढीच्या अंगाला ते लावून नोंद घेत. एकाच कळपातील मेंढ्यांच्या आकड्यांत फार अंतर पडे. उपकरण कसे धरले यावरही आकडा बदले. शेतकरी शेजारी उभे राहून हे सारे पाहत होते. परंतु हीच मोजमापे कार्यालयाच्या कागदावर उतरली की त्यांतली सारी चलबिचल नाहीशी होई आणि छातीठोक निष्कर्ष बाहेर पडत. ज्यांचे सारे आयुष्य पाऊस, गवत, रोगराई आणि बाजारभाव यांच्या अनिश्चिततेशी झुंजण्यात गेले, त्या माणसांना 'अजून आम्हाला नक्की कळलेले नाही' एवढे एक वाक्य पचवता आले नसते काय? अनिश्चितता लोकांना झेपत नाही, हा समज राज्यकर्त्यांचा आहे. लोकांना झेपत नाही ती खोटी निश्चिती.

अविश्वासाची मुळे

कंब्रियाच्या शेतकऱ्यांच्या मनात आणखी एक शंका होती. त्यांच्या डोंगरांच्या पायथ्याशी, समुद्रकिनाऱ्यावर, सेलाफील्ड हा अवाढव्य अणुप्रकल्प आहे. पूर्वी त्याचे नाव विंडस्केल होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये तेथील अणुभट्टीला आग लागली, किरणोत्सर्ग बाहेर पडला आणि आसपासच्या सुमारे पाचशे चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध ओतून द्यावे लागले. त्या आगीच्या चौकशीचा संपूर्ण अहवाल पंतप्रधानांच्या इच्छेने दडपण्यात आला. तो १९८८ च्या जानेवारीत, तीस वर्षांनंतर, खुला झाला. १९८६ साली निर्बंधांचा प्रदेश आकसत आकसत सुमारे दीडशे शेतवाड्यांवर आला, तेव्हा त्या साऱ्या वाड्या नेमक्या सेलाफील्डच्या आजूबाजूच्या डोंगरांतल्याच निघाल्या. साहजिकच शेतकरी विचारू लागले : हे सीझियम खरोखरच चेर्नोबिलचे, की इथलेच, जुने? १९८६ पूर्वीची या डोंगरांची मोजमापे दाखवा.

शास्त्रज्ञांचे उत्तर होते, की सीझियमच्या दोन प्रकारांचे परस्परप्रमाण पाहून त्याचा उगम ओळखता येतो आणि ते प्रमाण चेर्नोबिलकडे बोट दाखवते. पुढील तपासणीत मात्र असे दिसून आले, की त्या डोंगरांतील सीझियमपैकी केवळ निम्म्याच्या आसपास चेर्नोबिलचे होते. उरलेले अण्वस्त्रचाचण्या, १९५७ ची आग अशा जुन्या कारणांचे. शेतकऱ्यांची शंका पूर्णतः खरी ठरली नाही, पण ती वेडगळही ठरली नाही. विन यांचा मुख्य सिद्धांत येथेच उभा राहतो. लोक एखाद्या वैज्ञानिक विधानाचा स्वीकार करतात किंवा ते झिडकारतात, ते केवळ त्यांना विज्ञान कळते किंवा कळत नाही म्हणून नव्हे. विधान करणारी संस्था पूर्वी आपल्याशी कशी वागली, तिचे हितसंबंध कशात गुंतले आहेत आणि तिचे चुकले तर तिला जाब कोण विचारणार आहे, याचा ते हिशेब करतात. हा हिशेब अडाणीपणाचा नाही. खेड्यातला कोणताही सुज्ञ माणूस सावकाराच्या वहीकडे ज्या नजरेने पाहतो, तीच ही नजर आहे.

भुर्दंड कोणाला?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रकरणात आणखी एक गोष्ट खुपल्यावाचून राहत नाही. अंदाज कोणाचा चुकला आणि भुर्दंड कोणावर पडला? डोंगरी मेंढपाळाचे वर्षाचे सारे उत्पन्न वसंतात जन्मलेली कोकरे शरदापर्यंत विकण्यावर अवलंबून असते. विक्री थांबली की पैसा थांबतो आणि न विकलेली जनावरे मर्यादित गवतावर तुटून पडतात. 'आणखी तीन आठवडे थांबा' हा सल्ला ऐकून कोकरे राखून ठेवावीत, की खूण केलेली जनावरे पडेल भावाने काढून टाकावीत, असा पेच त्यांच्यापुढे होता. कारण पुढे सरकारने अशी सोय काढली, की रंगाची खूण केलेली मेंढी बाहेर विकता येईल, पण ठरावीक काळ कापता येणार नाही. अशा खुणेच्या मेंढीला बाजारात काय भाव मिळणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तपासणीच्या त्रासापोटी मेंढीमागे १ पौंड ३० पेन्स देण्यात येत. आणि ती रक्कम पंचवीस वर्षे तेवढीच राहिली, महागाई कोठल्या कोठे गेली तरी.

उत्पादनाच्या खर्चापैकी जो भाग उत्पादक स्वतः न सोसता दुसऱ्याच्या माथी मारतो, त्याला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. कारखान्याच्या धुरापुरते हे तत्त्व आपण शिकवीत आलो. ज्ञानाच्या क्षेत्रातही तोच प्रकार घडतो, हे कंब्रियाने दाखवले. अंदाज वर्तवणाऱ्याची बढती चुकीने अडत नाही. चुकीची किंमत तो अंदाज मानून चालणारा शेतकरी भरतो. जोवर ही व्यवस्था कायम आहे, तोवर 'घाबरू नका' हे शब्द उच्चारणे फार स्वस्त राहणार.

लोक अडाणी आहेत काय?

यावर एक आक्षेप निश्चित येईल. लोकांचे म्हणणे म्हणजे ब्रह्मवाक्य काय? लसींविषयी अफवा पसरवणारेही लोकच ना? आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देता कामा नये. मेंढपाळांना मेंढ्यांचे ज्ञान होते, सीझियमचे नव्हते. उपकरणाशिवाय त्यांना किरणोत्सर्ग दिसलाही नसता. लोकज्ञानाची पूजा बांधणे हा विज्ञानाच्या मक्तेदारीवरचा इलाज नव्हे. विन यांचे म्हणणेही तसे नाही. दोन्ही ज्ञाने अपुरी आहेत आणि ती एकमेकांसमोर बरोबरीने बसली तरच धोक्याचे खरे चित्र उभे राहते, एवढेच ते म्हणतात.

लोकांच्या भीतीत तर्क नसतो, हेही खरे नाही. १९६९ साली अमेरिकेतील चॉन्सी स्टार यांनी हिशेब मांडला, की आपखुशीने पत्करलेला धोका माणसे लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपटीने अधिक सहन करतात. पुढे पॉल स्लोविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तज्ज्ञ धोका मोजताना मृत्यूंचा आकडा पाहतात. सामान्य माणूस त्याबरोबरच आणखी काही पाहतो. धोका माझ्या ताब्यात आहे की नाही, तो पुढच्या पिढीवर पडणार काय, फायदा एकाला आणि तोटा दुसऱ्याला असे तर नाही ना? हे प्रश्न न्यायाचे आहेत. ज्या गणितात न्यायाला स्थान नाही ते गणित अधिक शास्त्रीय कसे ठरते, हे कोणी समजावून द्यावे.

आपल्या देशातील पोलिओ मोहिमेचा अनुभवही हेच सांगतो. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात, विशेषतः गरीब मुस्लिम वस्त्यांत, थेंबांनी मुले नपुंसक होतात अशी अफवा पसरली होती. ती खोटी होती. परंतु अफवेच्या मागे एक खरा प्रश्न उभा होता : ज्या वस्तीत नळ नाही, गटार नाही, तापाला औषध नाही, तेथे सरकार फक्त हे दोन थेंब घेऊन पुनःपुन्हा का येते? त्याच वस्त्यांतील स्त्रिया घरोघर पाठवल्या गेल्या, धर्मगुरूंना सामील करून घेण्यात आले, अतिसार व स्वच्छता यांची कामे थेंबांना जोडली गेली, तेव्हा दारे उघडली. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. अफवेला हरवले ते अधिक मोठ्या कर्ण्याने नव्हे. ऐकून घेतल्यामुळे ती हरली.

भोपाळचा भोंगा

धोका सांगण्याच्या प्रश्नाची सर्वांत भीषण परीक्षा आपल्याच देशात झाली, चेर्नोबिलच्या सतरा महिने आधी. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील धोक्याची पूर्वसूचना राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ साली 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकातून वारंवार दिली होती. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तूनही दिली. कारखान्यातल्या कामगारांनी भित्तिपत्रके लावून हेच सांगितले होते. मे १९८२ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या अमेरिकन तज्ज्ञांनी पाहणी करून अनेक दोष नोंदवले होते; मात्र तो अहवाल कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या झोपडपट्टीसाठी नव्हता. ज्ञान होते. ते चुकीच्या कपाटात होते. केसवानींना १९८५ चा बी. डी. गोएंका पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळायला हवाच होता. पण त्यांचे म्हणणे खरे ठरायला आधी हजारो माणसे मरावी लागली.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूची सुमारे चाळीस टनांची टाकी फुसफुसू लागली, तेव्हा वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजून बंद करण्यात आला. किरकोळ गळतीने आसपासच्या लोकांत घबराट पसरू नये म्हणून तशी पद्धतच पाडलेली होती. कारखान्याच्या आतला भोंगा मात्र वाजत राहिला. लोकांना नंतर कळले, की वायूच्या दिशेने न धावता, तोंडावर ओला कपडा धरून बाजूला सरकले असते तर कितीतरी जीव वाचले असते. एक ओले फडके! एवढे ज्ञान द्यायला कोणत्या प्रगत तंत्राची गरज होती? गरज होती ती आधी असे कबूल करण्याची, की धोका आहे. आणि ती कबुली नफ्याच्या व प्रतिष्ठेच्या आड येत होती.

भोपाळनंतर कायदे झाले. अमेरिकेत १९८६ साली वस्तीला कारखान्यातील घातक रसायनांची माहिती मिळवण्याचा हक्क देणारा कायदा आला. आपल्याकडे १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात अशी तरतूद घालण्यात आली, की कामगारांना व आसपासच्या जनतेला धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक राहील. परंतु कायद्याने राज्यकर्त्यांची सवय बदलली काय? त्याच कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षे पडून राहिला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ च्या आरंभी बंदोबस्तात पीथमपूरला जाळण्यासाठी नेण्यात आला. गाड्या पोहोचल्या, गाव रस्त्यावर आले, दोघांनी अंगाला आग लावून घेण्याचा प्रयत्न केला. आणि त्यानंतर सरकारने न्यायालयाकडे लोकांचा विश्वास संपादन करण्यासाठी मुदत मागितली. जूनअखेर तो कचरा जाळून झाला. तो जाळणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य होते की नव्हते, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. क्रम तेवढा पाहावा : आधी निर्णय, मग गाड्या, मग पोलीस आणि सर्वांत शेवटी समजावणी. हा क्रम उलटा करणे, हीच या साऱ्या विषयातली खरी सुधारणा आहे.

आपले काम

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट भाषेची. २००६ च्या अधिसूचनेने प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत देण्याची अट घातली. मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत. धोका मराठीत सोसायचा आणि त्याचा तपशील इंग्रजीत वाचायचा, ही व्यवस्था आपण मुकाट्याने का चालवून घेतो? ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नव्या अधिसूचनेचा मसुदा आठव्या परिशिष्टातील बावीसही भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला, तेव्हा केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. भाषांतराचाही एवढा धसका का, याचे उत्तर ज्याने त्याने शोधावे. प्रत्येक जनसुनावणीत संपूर्ण अहवाल मराठीत मागणे, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरी गोष्ट, केवळ निष्कर्षावर समाधान मानू नये. कोठे मोजले, कोणत्या ऋतूत मोजले, किती वेळा मोजले आणि आकडे किती खालीवर झाले, हे विचारावे. तज्ज्ञाला काय ठाऊक नाही ते लेखी मागावे. प्रामाणिक शास्त्रज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही; तो आपला मित्र आहे आणि त्याला आपण एकटे पाडता कामा नये.

तिसरी गोष्ट, मोजमापात वस्तीचा, शेतकऱ्यांचा, कोळ्यांचा, कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा. धोका उद्भवण्यापूर्वीच्या परिस्थितीची नोंद आधी होऊन ती गावाच्या हाती असावी. 'पूर्वीचे आकडे दाखवा' या कंब्रियाच्या मागणीला उत्तर मिळाले नाही, कारण दाखवण्याजोगे आकडेच धड ठेवलेले नव्हते.

चौथी गोष्ट, चुकीची किंमत चूक करणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवावी. 'धोका नाही' असे जो लिहून देतो, त्यानेच तो निघाल्यास भरपाईची हमीही लिहून द्यावी. ही एकच अट घातली, तर कितीतरी निश्चिंत तज्ज्ञ रातोरात विचारी होतील.

या मागण्या विज्ञानविरोधी आहेत असे कोणी म्हणेल. वस्तुतः विज्ञानाची खरी शान त्याच्या चूक मान्य करण्याच्या क्षमतेत आहे. आणि चूक दाखवणाऱ्याला सभेत बसायला जागा दिल्याशिवाय ती मान्य होत नसते. भूमी कसणाऱ्याची असावी, यंत्रावर कामगाराची मालकी असावी, असे आपण म्हणत आलो. धोका सोसणाऱ्याला धोक्याच्या ज्ञानात वाटा मिळावा, ही त्याच मागणीची पुढची पायरी आहे. कंब्रियाच्या मेंढपाळांना तो वाटा मिळाला नाही. भोपाळच्या झोपडपट्टीला तर भोंगाही धड ऐकू आला नाही. यापुढे आपल्या तालुक्यात 'घाबरण्याचे कारण नाही' असे पत्रक निघेल, तेव्हा ते पत्रक हातात घेऊन पहिला प्रश्न विचारायला आपल्यापैकी कोणीतरी उभे राहिले पाहिजे.